रिव्हर्स मेले

आमच्या निळ्या गाडीचा रिव्हर्स गिअर मेला आहे, ही बातमी बंगलोरभरच्या मराठी माणसांत कशी पसरली हे सांगायचं तर सुरुवात माझ्या तोंडापासून करावी लागेल. माझं तोंड तेव्हाही बंद राहत नसे आणि आता पन्नाशी उलटली तरी त्याला चाप बसलेला नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मला गाडी चालवता येत होती, तीन भाषांत भांडता येत होतं, आणि घरात जे काम कोणाला जमत नाही ते आपल्याला जमणारच अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत अजूनही आहे. तिने माझं फारसं नुकसान केलेलं नाही.

आम्ही जे. पी. नगरात राहत होतो. आजोबा मिरजेहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बाहेर रिक्षावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, नारळवाला अण्णा, त्यामुळे बाजारात मी मोठ्याने हाक मारली की चार जण वळून बघत आणि त्यांत आमचे अण्णा नसत. घरात मराठीच बोलायचं असा आईचा दंडक होता, पण ती बेळगावची. तिच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं की ते तिला स्वतःलाही वेगळं काढून दाखवता आलं नसतं. "स्वल्प साखर घाल", "सरी, निघा आता", असं सगळं चालायचं; स्वल्प म्हणजे थोडी आणि सरी म्हणजे बरं. वर आणि खाली हे शब्द तर आमच्या घरातून जवळजवळ हद्दपारच झाले होते. कानडीत मेले म्हणजे वर आणि केळगे म्हणजे खाली. "हिंगाची डबी फळीच्या मेले आहे", "चपला पायरीच्या केळगे काढ", असं आम्ही दिवसभर म्हणत असू आणि त्यात काही विचित्र आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे "पापड मेले आहेत" हे ऐकून जरा दचकत, पण पाहुणा भिडस्त असतो, तो विचारत नाही.

सकाळी आमच्या घरात आवाज ठरलेल्या क्रमाने यायचे. आधी शेजारच्या सरोजक्कांच्या रेडिओवर सुप्रभातम्, मग आमच्या कुकरची शिट्टी, मग कॉफीचं डिकॉक्शन गाळताना स्टीलच्या फिल्टरवर आईने मारलेल्या टिचक्या, आणि या सगळ्यावर अंगणातून गाडी सुरू झाल्याचा आवाज. अण्णा गाडी सुरू करून लगेच निघत नसत. कॉफीचा पेला हातात घेऊन बॉनेटशेजारी उभे राहत आणि डोळे मिटून इंजिन ऐकत. आई खिडकीतून म्हणायची, "माझं बोलणं इतकं कान देऊन ऐकलं असतं तर संसाराचं सोनं झालं असतं." अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "तू कधी मिसफायर होत नाहीस. तुला काय ऐकायचं?" आईला हे कौतुक वाटायचं की टोमणा, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

अण्णा एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. त्यांच्या विभागात गिअर बनत. दात कसे कापायचे, किती घासायचे, दोन चाकं एकमेकांत बसली की आवाज कसा यायला हवा, यातच त्यांची हयात गेली. त्या कारखान्यात तंत्र शिकवायला आलेल्या एका जपानी साहेबाने मुदत संपल्यावर परत जाताना आपली गाडी अण्णांना विकली. आजची मुलं तिला स्पोर्ट्स सेडान म्हणतील. आम्ही नुसती "जपानी" म्हणायचो. चार दारांची, गडद निळी, बसकी, आणि बघणाऱ्याला वाटावं की कोणी कुटुंबवत्सल गृहस्थ बाजारात चाललाय. पण हॉसूर रोडवर मोकळा पट्टा मिळाला की तिला वारं प्यायलेल्या वासरासारखं व्हायचं. अण्णांनी तिला जपलं. दर रविवारी ते तिच्याखाली आडवे असायचे आणि फक्त त्यांचे पाय दिसायचे. त्या पायांशी बोलायची आम्हाला सवय झाली होती. जुन्या मलमलच्या धोतराचे तुकडे तिला पुसायला राखून ठेवलेले असत आणि त्यांतला एकही तुकडा आईला स्वयंपाकघरात न्यायची मुभा नव्हती.

तिची खरी गंमत तिच्या गिअरमध्ये होती. सगळ्या गाड्यांना पहिला गिअर डावीकडे वर असतो आणि दुसरा त्याच्याखाली. आमच्या गाडीत डावीकडे वर होता रिव्हर्स, त्याच्याखाली पहिला, आणि दुसरा-तिसरा मधल्या रांगेत समोरासमोर. शर्यतीच्या गाड्यांची ही पद्धत. शर्यतीत दुसरा आणि तिसरा सारखे बदलावे लागतात, म्हणून ते एका सरळ रेषेत ठेवायचे, असं अण्णा सांगत. सांगताना त्यांचा हात हवेतच गिअर टाकायचा. परिणाम असा की नवखा माणूस गाडीत बसला, सवयीने हात वर नेला, क्लच सोडला, की गाडी मागे. आमच्या कंपाउंडची मागची भिंत दोनदा बांधून झाली होती. म्हणून या गाडीत कोणीही बसलं की त्याला पहिल्यांदा मंत्र द्यायचा, हा घरचा नियम होता: "रिव्हर्स मेले, फर्स्ट केळगे." मी गाडी शिकले तीही हा मंत्र म्हणतच.

मग अण्णांच्या डोळ्यांचं निघालं. गाडी फाटकातून आत घेताना डावा आरसा खांबाला घासला. अण्णांनी खांबाला दोष दिला. पुढे सरोजक्कांची तुळशीची कुंडी गेली, तेव्हा कुंडीला दोष दिला. आई त्यांना ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू होता. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, पण कडा विझत चालल्या होत्या आणि डाव्या बाजूची तर बरीचशी गेलीच होती. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांनी राखू, आणि गाडी आजपासून बंद. काचबिंदू आनुवंशिक, म्हणून मला आता दर वर्षी डोळे तपासायच्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसावं लागतं, दिवा चमकला की बटण दाबायचं. दर वेळी एखादा दिवा आपल्याला न दिसताच चमकून गेला असेल अशी शंका येते, आणि तेव्हा अण्णांना काय वाटलं असेल ते मला कळतं. त्या वेळी कळत नव्हतं. त्या वेळी मला फक्त त्यांचा राग यायचा, कारण घरी आल्यावर ते म्हणाले, "गाडी विकू. पण चांगलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती बंद ठेवता येणार नाही. बॅटरी उतरते."

म्हणजे गाडी विकली जाईपर्यंत ते रोज चालवणार होते. आई रडली, बोलली, एक दिवस जेवली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. किल्ली लपवून बघितली, तर ते तारेने सुरू करतो म्हणाले, आणि त्यांनी ते केलंही असतं. मग मी ठरवलं की मी रोज डावीकडच्या सीटवर बसणार. कॉलेज त्यांच्या कारखान्याच्या वाटेवर नव्हतं, पण मी ते वाटेवर आहे असं जाहीर करून टाकलं. "डावीकडे सायकल आहे" असं सरळ सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथेच उतरवलं असतं. म्हणून मी गप्पा मारायचे. "अण्णा, काय सुरेख साडी आहे बघा त्या बाईची, अगदी आपल्या गाडीला खेटून चाललीय", "या लूनावाल्याने तीन टोपल्या कशा बांधल्यात बघा", "ही म्हैस सरोजक्कांच्या नणंदेसारखी दिसते ना?" प्रत्येक वाक्यात डावीकडचं एक माणूस किंवा जनावर. अण्णा "हं" म्हणत आणि गाडी हळूच उजवीकडे घेत. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटायचा. पण दुपारी परतताना ते एकटे असत. त्या वेळी मी वर्गात बसून वहीवर रेघोट्या ओढायचे आणि फाटकाशी गाडी दिसेपर्यंत आईला अन्न गोड लागत नसे. गाडी जायला हवी होती, आणि तिने कोणाचा जीव घेण्याआधी जायला हवी होती.

गिऱ्हाइकं येत होती. आई प्रत्येकाला उपीट आणि कॉफी द्यायची. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशीच सगळी तयारी. फरक इतकाच की इथे मुलीचा बाप पाहुण्यालाच नापास करायचा. एकाने दार जोरात आपटलं, तो गेला. एकाने टायरला लाथ मारून पाहिली, त्याला उपीटही मिळालं नाही. एका बिल्डरने सीटवर वाघाचं कातडं छापलेली कव्हरं घालू म्हटलं, तेव्हा अण्णा इतके गोड हसले की तो बिचारा होकार समजला. "गाडी चेन्नागिदे, सार," असं सगळेच म्हणत, म्हणजे गाडी छान आहे, आणि अण्णा म्हणत, "नोडोण." बघू या. कानडीतलं हे बघू या आपल्या मराठीतल्या बघू यासारखंच असतं. त्यातून कधी काही निष्पन्न होत नाही.

अशात मंदार आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, दोन वर्षं अमेरिकेत काढून नुकताच बंगलोरला आलेला. पांढरे स्वच्छ बूट, हातात पेजर. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला कोणीतरी आमच्या गाडीबद्दल सांगितलं होतं. अण्णा केस कापायला गेले होते, आणि मी मनात म्हटलं, वा, हीच वेळ. ते यायच्या आत सौदा उरकून टाकावा.

"ॲक्चुअली मला मॅन्युअलच हवीय," मंदार गाडीभोवती फिरत म्हणाला. "तिकडे सगळं ऑटोमॅटिक. बसा आणि पाय दाबा. त्यात ड्रायव्हिंगचा फील येत नाही."

"फील पाहिजे तेवढा येईल," मी म्हटलं. मी बॉनेट उघडून दाखवलं, टायर दाखवले, डिकीतलं कधीच न वापरलेलं पाचवं चाक दाखवलं. तो खूश होत चालला होता. मग तो सीटवर बसला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, आणि मी घरचा मंत्र म्हटला. "फक्त एक लक्षात ठेवा. रिव्हर्स मेले. फर्स्ट केळगे. बाकी गाडी झकास आहे."

त्याने दांड्यावरचा हात काढून घेतला. माझ्याकडे बघितलं. "रिव्हर्स मेले?"

"हो. सुरुवातीला सगळ्यांना जड जातं. मग सवय होते."

"आणि फर्स्ट?"

"केळगे," मी हाताने खाली दाखवत म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला. त्याने उपीट खाल्लं, आईला नमस्कार केला, "कळवतो काकू" म्हणाला आणि गेला. तो चालवून का बघत नाही याचं मला नवल वाटलं, पण बुटांकडे बघून वाटलं की असतात काही लोक असे.

त्यानंतर गिऱ्हाईक येईनासं झालं. एकही नाही. आम्ही मंडळाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, आईने ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं, तरी फोन मुका. आई काळजीने वाळत चालली आणि अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र तेज येत चाललं. रोज सकाळी ते इंजिन ऐकायचे, रोज मी डावीकडे बसून म्हशींच्या गप्पा मारायचे. आणि एक दिवस सरोजक्का आईला हळूच सांगून गेल्या की काल दुपारी अण्णांची गाडी वळणावर शाळेच्या पोरांच्या घोळक्याला अगदी घासून गेली, पोरं बाजूला उडाली म्हणून बरं. अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता. ते मजेत जेवत होते.

उलगडा झाला तो एका हळदीकुंकवात. नागपूरकडच्या एक बाई आईला म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाडीचं रिव्हर्स मेलं म्हणतात, खरं काय?"

"हो," आई म्हणाली. "मेलेच आहे. पहिल्यापासून. जपानहून तशीच आली."

"मग दुरुस्त नाही केलं?"

"दुरुस्त कशाला करायचं? यांना तसंच आवडतं."

त्या बाईंनी आईच्या हातावर तिळगूळ ठेवला तो जरा लांबूनच. मी शेजारी होते. आणि मी आधी खुदकन हसले आणि मग मला दरदरून घाम फुटला. ध चा मा करायला इतिहासात निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. आमच्याकडे काहीच बदलावं लागलं नाही. मंदारने मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं की गाडी सुंदर आहे, पण रिव्हर्स मेलंय आणि फर्स्टची अवस्था तर इतकी वाईट की पोरीला ती मराठीत सांगवेना. वर त्याने आमच्या प्रामाणिकपणाची भरपूर स्तुतीही केली होती. एवढी मोठी बदनामी इतक्या चांगल्या मनाने क्वचितच कोणी केली असेल.

घरी येऊन आईने अण्णांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. अण्णा ताटावरून उठले. "माझ्या गाडीचा गिअर मेला?" ते म्हणाले. "माझ्या?" त्यांच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर बोलले तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. आयुष्यभर गिअर बनवणाऱ्या माणसाच्या दारात मेलेला गिअर, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी मंदारचा नंबर मिळवला, फोन लावला, आणि "मी काय सांगतो ते ऐका, शनिवारी दुपारी या, तुम्ही गाडी घ्या अथवा घेऊ नका, पण माझ्या शेजारी बसून रिव्हर्स बघून जा" असं जवळजवळ बजावलं.

शनिवारी तो आला. बिचारा ओशाळला होता. मेले म्हणजे वर हे कळल्यावर तो कपाळाला हात लावून इतका हसला की मी त्याला बुटांसकट माफ केलं. पण अण्णा हसले नाहीत. त्यांना सिद्ध करायचं होतं. ते स्वतः चालवणार होते आणि मंदारने डावीकडे बसून बघायचं होतं. म्हणजे माझी जागा गेली. मी मागच्या सीटवर बसले.

अण्णांनी गाडी नेली हॉसूर रोडवर. मोकळा रस्ता, गाडी तापलेली, आणि ते एकेक गिअर नुसतं टाकत नव्हते, सांगत होते. "हा दुसरा. आता तिसरा. आवाज ऐका. आला का खडखडाट? परत दुसरा. आला?" मंदार भारावून गेला होता. खरं सांगते, मीही. त्या दिवशीइतकी सुंदर चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. समोरच्या रस्त्यावर त्यांची इतकी हुकमत होती की बाजूचा रस्ता त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही हे कोणाला सांगून पटलं नसतं. मी मागून माझं काम चालू ठेवलं. "अण्णा, डावीकडे बघा, किती मोठा ट्रॅक्टर." "अण्णा, ही बाई डोक्यावर एवढं गवत घेऊन कशी चालते?" मंदारने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ही मुलगी जरा जास्तच बोलते, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या रस्त्यांविषयी तो अण्णांना सांगू लागला, आणि माझा आवाज मागेच राहिला.

बोम्मसंद्राच्या जवळ कारखान्यांची पाळी सुटली होती. डावीकडच्या रस्त्यांतून सायकलींचे थवे हमरस्त्याला मिळत होते. त्यांतला एक माणूस, हँडलला डबा अडकवलेला, थव्याच्या पुढे येऊन सरळ आमच्या पुढ्यात वळला. मंदार इंजिन ऐकत होता. अण्णा समोर बघत होते. त्यांच्या पायाची काही हालचाल दिसेना, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या लेखी तिथे कोणी नाहीच आहे.

"अण्णा, ब्रेक," मी ओरडले. गप्पा वगैरे काही नाही.

अण्णांनी ब्रेक दाबला. का दाबायचा हे माहीत नसताना दाबला. गाडी थांबली तेव्हा सायकल आडवी झाली होती आणि डबा घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेला होता. तो माणूस उठला. त्याला काही झालं नव्हतं, कोपर खरचटलं होतं एवढंच. तो तडक अण्णांच्या खिडकीशी आला आणि रस्त्यावर कोणीही कोणालाही विचारतं तेच त्याने विचारलं, "कण्णु काणल्वा, सार?" डोळे दिसत नाहीत का?

मंदार घाईघाईने सांगू लागला की चूक सायकलवाल्याची आहे, त्याने न बघता वळवली. अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. मग खिडकीतून त्या माणसाकडे बघत म्हणाले, "इल्लप्पा. काणल्ल." नाही बाबा, दिसत नाही.

त्या माणसाची तयारी भांडणाची होती. तो जरा वेळ अण्णांच्या डोळ्यांकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "होगली बिडी, सार," जाऊ द्या, आणि स्वतःच आपला डबा उचलायला गेला. अण्णा उतरले, त्याची सायकल उभी करून दिली, हँडल सरळ करून दिलं. नंतर ते गाडीकडे आले, पण पुढे बसले नाहीत. मागचं दार उघडून मला म्हणाले, "वसू, तू चालव."

मी पुढे बसले. पहिला खाली, क्लच, आणि निघालो. आरशात मला अण्णा दिसत होते, सीटच्या एका कोपऱ्यात, पाहुण्यासारखे बसलेले. मग त्यांनी मंदारला सांगितलं, "गाडीत काही खोट नाही. खोट माझ्या डोळ्यांत आहे. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." थोड्या वेळाने मला म्हणाले, "तू रोज साड्या दाखवत होतीस ना, त्यांतली एकही मी पाहिली नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी गाडी चालवत होते. माझी हुशारी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि माझा मान राहावा म्हणून ते "हं" म्हणत होते.

मंदारने गाडी घेतली. वाचकाला इथे भलतंच काही वाटायला लागलं असेल तर सांगून टाकते, त्याचं लग्न आधीच ठरलेलं होतं आणि मलाही पेजरवाला नवरा नको होता. पण त्याला क्लच सोडता येत नव्हता. अमेरिकेने त्याचा डावा पाय पार निकामी करून टाकला होता. तेव्हा आमच्या भागात प्लॉट पाडलेले, घरं न झालेले रस्ते भरपूर होते. तिथे मी त्याला संध्याकाळी शिकवायचे. तो चुकला की मी ओरडायचे, अण्णा मागे बसून मला ओरडायचे, "स्वल्प हळू बोल गं, तो गिऱ्हाईक आहे." हळूहळू त्याचा हात बसला. एके संध्याकाळी तो दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा गेला की काही कळलंसुद्धा नाही. अण्णांनी मागून एवढंच विचारलं, "कधी नेताय?"

न्यायच्या दिवशी आईने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सरोजक्कांनी पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मी म्हटलं, "अक्का, तुमची कुंडी फोडली होती तिने." त्या रडता रडता हसल्या. अण्णांनी किल्ली दिली. मंदारने गाडी मागे घेतली, खांबाला लांब ठेवून फाटकाबाहेर काढली, आणि तो डावीकडे वळला.

"गेली," अण्णा समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले.

"नाही अजून," मी म्हटलं. "तुमच्या डावीकडे आहे. वळा जरा."

ते वळले. कोपऱ्यापर्यंत त्यांनी ती पाहिली. आई घरात गेली आणि तिने भांडी जरा जास्तच आवाज करत लावायला घेतली. अण्णा तिथेच उभे होते. ऊन चढत होतं. मग एकदम आठवल्यासारखं ते म्हणाले, "कॉफी पावडर संपलीय. जाऊन येऊ." दुकान मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होतं आणि इतकी वर्षं तेवढ्यासाठीही ते गाडी काढत. आम्ही चालत निघालो. ते वाटेत काही बोलले नाहीत आणि, नवल म्हणजे, मीही नाही. मोठ्या रस्त्याशी आलो. मी पुढे पाऊल टाकणार तोच ते कडेला थांबले. त्यांनी माझा दंड धरला.

"वसू," त्यांनी विचारलं, "डावीकडून कोणी येतंय का?"

हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. मी नीट बघितलं, अगदी लांबपर्यंत.

"कोणी नाही, अण्णा," मी म्हटलं. "चला."